शंभर एकरांत उद्याननगर वसवायचे तर

उद्याननगर म्हटले की डोळ्यांसमोर झाडे येतात. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न जमिनीचा होता. ते वास्तुविशारद नव्हते, लंडनमध्ये संसदीय कामकाजाचे लघुलेखन करणारे गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे: शेतीच्या भावाने जमीन एकत्र घ्या, ती एकाच संस्थेच्या नावे ठेवा, घरे-दुकाने भाडेपट्ट्याने द्या. वस्ती वाढली की जमिनीची किंमत वाढते, आणि ती वाढ त्याच वस्तीच्या रस्त्यांवर, शाळांवर, बागांवर खर्च करा. त्यांच्या आराखड्यात एकूण ६००० एकर होते, त्यांपैकी १००० एकरांवर शहर आणि ५००० एकर कायमची शेती. लोकसंख्या ३२,०००.

आपल्याकडे एवढी जमीन एकत्र मिळत नाही. तालुक्याच्या किंवा महानगराच्या कडेला शंभर एकर, म्हणजे सुमारे ४० हेक्टर, जुळवता येतात. म्हणून या लेखातले सगळे आकडे ४० हेक्टरांचे आणि दख्खनच्या पठारावरचे, म्हणजे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या भागाचे आहेत. कोकणात हीच पद्धत चालेल, पण पाण्याचे गणित नव्याने मांडावे लागेल.

पहिली पायरी: जमीन एकत्र आणि वाढीचा वाटा कागदावर

नकाशाला हात लावण्याआधी प्रत्येक गटाचा सातबारा, फेरफार, गट नकाशा आणि झोन दाखला गोळा करा. भूमी अभिलेखची ताजी मोजणी करून घ्या, कारण सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि बांधावरचे क्षेत्र जुळत नाही हे नेहमीचेच आहे. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी, कुळाचे हक्क, न झालेली वाटणी, बहिणींची नावे या गोष्टी याच टप्प्यावर सुटायला हव्यात. पाणंद आणि शिवरस्ता नकाशावर ठळक रंगवा. पलीकडचा शेतकरी त्याच वाटेने बैलगाडी, ट्रॅक्टर नेतो. ती वाट भिंतीने बंद केली की दावा ठरलेला, आणि नैतिकदृष्ट्याही ते चूकच.

जमीन विकत घेण्यापेक्षा मालकांनाच भागीदार करणे हे हॉवर्ड यांच्या विचाराच्या जास्त जवळ जाते. पुण्यात हडपसरला मगरपट्टा सिटी अशीच उभी राहिली. शंभरहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र केली आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत शेअर घेतले. तुमच्याकडे पाच-सहा कुटुंबे असोत की चाळीस, करारात चार कलमे हवीतच: दर १० गुंठ्यांमागे किती शेअर, शेअर विकायचा झाल्यास पहिला हक्क आतल्यांचा, सामायिक जमीन विकण्यास मनाई, आणि नफ्यातला ठरलेला हिस्सा वस्तीच्या निधीत.

शेअरविक्रीच्या आणि सामायिक जमिनीच्या कलमांना वकील 'नंतर बघू' म्हणतील. ऐकू नका. इंग्लंडमधले पहिले उद्याननगर लेचवर्थ. १९०३ मध्ये ३,८१८ एकरांवर ते सुरू झाले. भागधारकांना ५ टक्क्यांहून जास्त लाभांश द्यायचा नाही असे तिथे ठरले होते. तरीही जमीन कंपनीची आणि कंपनीचे शेअर बाजारात मिळणारे. १९६० च्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीने ते शेअर गोळा करून ताबा मिळवायला सुरुवात केली. गाव हातचे जाऊ नये म्हणून १९६२ मध्ये संसदेकडून खास कायदा करून घ्यावा लागला. साठ वर्षांची बाग एका नसलेल्या कलमापायी विक्रीला निघता निघता राहिली.

दुसरी पायरी: एक पावसाळा जमिनीवर काढा

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये भारतात आले आणि मुंबई इलाख्यातल्या गावांचे अहवाल लिहू लागले. आधी पाहणी, मग निदान, त्यानंतरच आराखडा, हा त्यांचा आग्रह. १९१९ पासून मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापकही होते. आजचा नवशिका गूगलवरचे चित्र उघडून थेट रस्ते आखतो आणि तिथेच पहिली चूक होते.

अर्ध्या मीटरच्या अंतराने समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाखवणारा सर्व्हे करून घ्या. त्यावर ओढे, विहिरी, बांध, मोठी झाडे, उच्चदाब वाहिन्या चढवा. नागरी भागात ५० वर्षांवरचे झाड हेरिटेज वृक्ष मानले जाते. पण कायद्याची वाट न पाहता वड, उंबर, चिंच, आंबा यांच्या खोडाचा घेर आणि फांद्यांचा पसारा मोजून ठेवा. नदी जवळ असेल तर निळी आणि लाल पूररेषा आणा. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची.

मग मातीचे खड्डे. दर दोन हेक्टरांना एक, म्हणजे वीस खड्डे, जेसीबीने दोन दिवसांत होतात. प्रत्येकात काळी माती किती फूट, मुरूम कुठे लागला, पाषाण कुठे, हे लिहून घ्या. आराखड्याचा अर्धा निर्णय याच तक्त्यात असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावर घराच्या पायाचा खर्च वाढतो, रस्ता दोन पावसाळ्यांत लाटा घेतो आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरवायचे पुनर्भरणाचे खड्डे नुसते तुंबून राहतात. मुरमावर हेच सगळे स्वस्तात आणि नीट होते. म्हणून खोल काळी माती फळबागेला आणि शेतीच्या पट्ट्याला, मुरूम घरांना. सगळ्यात सुपीक जमीन पिकाखाली ठेवायची हे हॉवर्ड यांच्या तत्त्वातही बसते आणि हिशेबातही.

जुलैत धो धो पावसात छत्री घेऊन जागेवर जा आणि पाणी कुठून येते, कुठे थबकते ते पाहा. कोरड्या उन्हाळ्यात जो चर वाटतो तो त्या दिवशी ओढा असतो. गाव नकाशावर तो दाखवलेला असो वा नसो, आराखड्यात तो ओढाच. त्याच्या दोन्ही काठांना नियमाने लागेल ते अंतर सोडाच, आणि आमचा सल्ला किमान १५ मीटरचा. ओढा पाइपात घालून वर रस्ता काढण्याचा मोह प्रत्येक प्रकल्पात होतो. पाइपात प्लास्टिक अडकते, आणि पाणी आपली जुनी वाट घरांमधून शोधते.

तिसरी पायरी: जमिनीचा ताळेबंद

आता चाळीस हेक्टरांची वाटणी. घरांच्या भूखंडांना ३२ टक्के, म्हणजे १२.८ हेक्टर. रस्त्यांना २० टक्के. ओढ्याकाठ आणि उद्याने मिळून २० टक्के. कडेचा फळबाग-भाजीपाल्याचा पट्टा १०. शाळा, दवाखाना, बाजार, सभागृह ८. कामाच्या जागा ७. टाक्या, सांडपाणी केंद्र, वीज उपकेंद्र, रोपवाटिका ३. राज्याच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे एक एकराच्या पुढच्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सक्तीचीच आहे. ती या वीस टक्क्यांत धरली आहे. या १० टक्क्यांवर थांबलात तर ती कॉलनी होते, उद्याननगर होत नाही.

घरे किती? लेचवर्थचे आखणीकार रेमंड अन्विन यांचे माप एकराला १२ घरे, म्हणजे हेक्टरी सुमारे ३०. त्यांचे माप घरांच्या भूखंडांवरचे होते. आपण तेच एकूण क्षेत्रावर लावू: ४० हेक्टरांत १२०० घरे. घरटी साडेचार माणसे धरली तर वस्ती ५,४०० ची. एका प्राथमिक शाळेला, एका मंडईला, एका दवाखान्याला ही संख्या बरोबर पुरते.

१२.८ हेक्टरांत १२०० घरे म्हणजे घरटी सरासरी १०७ चौरस मीटर. सगळ्यांना बंगले देता येत नाहीत, द्यायचेही नाहीत. ४०० ओळघरे प्रत्येकी १२० चौ. मी. च्या भूखंडावर, १०० जोडबंगले २५० चौ. मी. वर, आणि उरलेल्या साडेपाच हेक्टरांत तळमजला अधिक तीन मजल्यांच्या इमारतींत ७०० सदनिका. एकूणपैकी २० टक्के, म्हणजे २४० घरे, ३० ते ४५ चौ. मी. ची ठेवा. ती कोपऱ्यात एकत्र ढकलू नका, प्रत्येक गल्लीत मिसळा. घरकाम करणाऱ्या ताई, वॉचमन, शाळेचे शिपाई, भाजीवाले यांना चालत येता येईल अशा अंतरावर घर नसेल तर ही वस्ती रोज दोन वेळा रिक्षांच्या गर्दीवर चालेल. १९०५ मध्ये लेचवर्थने १५० पौंडांत बांधता येतील अशा घरांचे प्रदर्शन भरवले होते, ते याच अडचणीवर उपाय शोधायला.

कामाच्या २.८ हेक्टरांत एक एफएसआय, म्हणजे जमिनीच्या क्षेत्राएवढेच बांधकाम, धरला तर २८,००० चौ. मी. बांधकाम, आणि माणशी २३-२४ चौ. मी. दिले तर साधारण १२०० रोजगार. घरटी एक. सगळे आतलेच तिथे काम करतील असे नाही, पण जागाच ठेवली नाही तर एकही करणार नाही. धूर, आवाज किंवा वास असणारे काम पूर्वेला ठेवा. आपल्याकडे उन्हाळा-पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो. लेचवर्थचे कारखानेही याच कारणाने पूर्वेला आहेत.

चौथी पायरी: पाणी आधी, बाग नंतर

उद्याननगराची कल्पना जिथे जन्मली तिथे वर्षभर रिमझिम असते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि मग आठ महिने हिरवळ टँकरवर जगते. म्हणून बाग किती ठेवायची हे चित्रकाराने ठरवायचे नाही, पाण्याच्या वहीने ठरवायचे. ही वही अशी लिहा.

माणशी रोज १३५ लिटर. ५,४०० माणसांना ७.३ लाख लिटर. गळती, शाळा, दुकाने धरून साडेआठ लाख लिटरची सोय लागते. घरांतल्या ७.३ लाखांच्या सुमारे ८० टक्के सांडपाणी निघते, म्हणजे ५.८ लाख लिटर. ते शुद्ध करून शौचालयांच्या टाक्यांना, माणशी ४५ लिटरप्रमाणे, २.४ लाख लिटर परत द्या. प्रक्रियेतली घट वजा जाता बागेला रोज साधारण ३ लाख लिटर उरतात. भर उन्हाळ्यात हिरवळ आणि फुलझाडांना चौरस मीटरला ५ लिटर लागतात. म्हणजे ६ हेक्टर भिजेल, त्याहून वाफाभरही जास्त नाही. फळबागेला ठिबक करून याच पाण्यात तिचा वाटा काढायचा आहे. तेव्हा उद्यानांच्या ८ हेक्टरांपैकी हिरवळ फार तर एक हेक्टर, तीही मुलांच्या खेळायच्या जागी. बाकी सगळी देशी झाडे आणि गवत, जी तीन उन्हाळे सांभाळल्यावर स्वतःच्या मुळांवर उभी राहतात.

पावसाच्या पाण्याचे गणित वेगळे. शेत होते तेव्हा तासाला ६० मिलिमीटरच्या पावसात या ४० हेक्टरांतून सेकंदाला साधारण २ घनमीटर पाणी ओढ्यात जायचे. छपरे आणि डांबर आल्यावर तेच ४ घनमीटर होते. जादाचे पाणी तासभर अडवायचे तर ७,२०० घनमीटरचे तळे लागते, दीड मीटर खोल आणि अर्ध्या हेक्टराला थोडे कमी. ते ओढ्याच्या कडेला सखल भागात खणा. उन्हाळ्यात कोरडे पडेल, तेव्हा तिथे मुले क्रिकेट खेळतील. त्याला चुकूनही सिमेंटचा तळ करू नका. आणि खालच्या गावाला विचारा, कारण तळे केले नाही तर पूर त्यांच्या दारात जातो.

पाण्याची टाकी सर्वांत उंच जागी, सांडपाणी केंद्र सर्वांत सखल जागी, पूररेषेच्या बाहेर आणि पूर्वेला. हे तिन्ही जुळत नसेल तर उताराला झुकते माप द्या. पंपाचे बिल तीस वर्षे येते, वासावर झाडांचा पट्टा आणि बंदिस्त टाक्या हा उपाय असतो. केंद्र ६०० घनमीटरचे एकच न करता ३०० चे दोन करा. पहिल्या वर्षी तीनशे घरांत माणसे आलेली असतात, आणि मोठ्या टाकीतल्या जिवाणूंना एवढ्याशा सांडपाण्यात खाद्य पुरत नाही. केंद्र बसते, दुर्गंधी सुटते, आणि रहिवासी ते कायमचे बंद करायला लावतात.

पाचवी पायरी: रस्ते, आणि बारा मीटरांचे काय करायचे

शंभर एकरांचा चौरस भरतो सुमारे ६३० मीटर बाजूचा. मधल्या चौकातून कोणत्याही टोकाला ४५० मीटरांच्या आत पोहोचता येते, म्हणजे चालत पाच-सहा मिनिटे. ही या आकाराची मोठी देणगी आहे, ती घालवू नका. शाळा, मंडई आणि बसथांबा मध्यावर आणा. अनेक जण दुकाने हमरस्त्याकडे तोंड करून प्रवेशद्वारापाशी ठेवतात, कारण भाडे जास्त येते. मग आतली आजी दुधाच्या पिशवीसाठी नातवाला स्कूटरवर पाठवते.

मुख्य रस्ता १८ मीटरचा, समोच्च रेषांना धरून जाणारा. त्याला फुटणारे १२ मीटरचे, आणि आतल्या गल्ल्या ९ मीटरच्या. रुंदीचे स्थानिक नियम तपासून घ्या. लंडनच्या हॅम्पस्टेड उद्यान उपनगराने १९०६ मध्ये अरुंद गल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदा मंजूर करून घेतला होता, कारण तेव्हाच्या उपविधींत सगळे रस्ते रुंदच हवे होते. बंद गल्ली काढलीत तर तिच्या टोकातून पायवाट आणि सायकलवाट पुढे काढा. अन्यथा शेजारच्या घरी जायला वळसा पडतो.

बारा मीटरची रुंदी अशी वाटा: मध्ये साडेपाच मीटर डांबरी, दोन्ही बाजूंना सव्वा मीटरचा झाडांचा पट्टा, त्याच्या पलीकडे दोन-दोन मीटरचा पदपथ. मलनिस्सारणाची नळी डांबराखाली मधोमध, पाण्याची नळी एका पदपथाखाली, विजेच्या आणि इंटरनेटच्या केबल दुसऱ्या पदपथाखाली. झाडांच्या पट्ट्याखाली काहीही नको. हे वाक्य ठेकेदाराच्या नकाशावर लाल अक्षरांत लिहा. तो पट्टा मोकळी, मऊ माती असतो म्हणून पोकलेन चालवणाऱ्याला केबल तिथेच टाकणे सोपे जाते. मग पाचव्या वर्षी केबल दुरुस्तीला कडुनिंबाची मुळे एका बाजूने तोडली जातात आणि पहिल्या वळवाला झाड गाडीवर आडवे होते.

झाडासाठी एक मीटर लांब-रुंद-खोल खड्डा, आठ ते दहा मीटर अंतराने. रोप किमान सहा फुटी, दोन बांबूंचा आधार, आणि तीन उन्हाळे पाणी. रस्त्याकडेला कडुनिंब, करंज, ताम्हण, बहावा, कांचन. ओढ्याकाठी जांभूळ, उंबर, अर्जुन. वड-पिंपळ चौकात, नळ्यांपासून दूर. गुलमोहर देखणा, पण फांद्या ठिसूळ, तो रस्त्यावर नको. एकाच जातीची शंभर झाडे ओळीने लावू नका, एक कीड आली की सगळी ओळ जाते.

घरांच्या लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाच्या ठेवा. पश्चिमेची भिंत आखूड, तिला खिडक्या कमी. उतार विरोधात असेल तर रस्ता उताराप्रमाणे आणि घर त्याला थोडे तिरके. सरळ रेषेसाठी जमीन कापू नका.

कागदावर पटले की मुख्य रस्त्याची मध्यरेषा जमिनीवर फक्कीने आखा आणि टोकापासून टोकापर्यंत चाला. झाड आडवे आले, चढ दमवणारा लागला, कुणाच्या विहिरीचा कठडा मध्ये आला, तर आज रेषा हलवायला पुसणे आणि पुन्हा टाकणे एवढेच काम आहे.

सहावी पायरी: काय आधी बांधायचे

रोपवाटिका सर्वांत आधी, जमीन जुळत असतानाच. तिथे दोन वर्षे वाढलेली रोपे पहिल्या घराच्या पायाभरणीआधी रस्त्याकडेला आणि सीमेवर लागली पाहिजेत. मग ओढ्याचे काम आणि तळे, मग मुख्य रस्ता आणि नळ्या, मग ३०० घरांचा पहिला टप्पा. त्या टप्प्याबरोबरच शाळेच्या चार खोल्या, एक किराणा दुकान, पिठाची गिरणी आणि आठवडी बाजाराचे पटांगण. बाजाराला ३० बाय ५० मीटर, पाण्याचा नळ आणि झाडांची सावली पुरे, शेड नंतर. शाळेचा भूखंड शेवटच्या टप्प्यात ठेवला की पैशांची ओढाताण होते तेव्हा नेमका तोच विकायला काढतात.

शेवटचा हिशेब देखभालीचा. सहकारी गृहनिर्माण संस्था प्रत्येक इमारतीची असेल, पण बागा, तळे, रस्ते आणि सांडपाणी केंद्र यांना एक सामायिक संस्था हवी आणि तिला स्वतःचे उत्पन्न हवे. ब्रिटिश काळात मुंबईत नव्या वस्त्या आखणाऱ्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला भूखंड भाडेपट्ट्याने दिले, उंचीवर मर्यादा घातली, आणि पारशी कॉलनीच्या मधल्या पाच बागा आजही मोकळ्या आहेत. तुम्ही मंडईचे आणि कार्यालयांचे ३,००० चौ. मी., म्हणजे सुमारे ३२ हजार चौरस फूट, विकू नका, संस्थेकडे ठेवा. समजा चौरस फुटाला महिना ३० रुपये भाडे मिळाले, तर ९.६ लाख रुपये, घरटी ८०० रुपये. तेवढी वर्गणी कोणाच्याही खिशातून जात नाही, आणि वाढत्या किमतीचा वाटा वस्तीलाच मिळावा हे हॉवर्ड यांचे म्हणणे दर महिन्याच्या जमाखर्चात उतरते.

ताबा देताना या संस्थेच्या हाती चाव्यांबरोबर एक संच द्या: जमिनीखाली प्रत्यक्षात टाकलेल्या सर्व नळ्या-केबलींचे नकाशे, प्रत्येक वॉल्व्हचा क्रमांक आणि खोली, प्रत्येक झाडाची जात आणि लावल्याचे वर्ष, आणि सांडपाणी केंद्राची वर्षभराची चाचणी नोंदवही. संचाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात, दुसरी माळीबुवा आणि प्लंबर ज्या खोलीत बसतात तिथे.